व्याख्यानानंतरची सायंकाळ

महाराष्ट्रातील प्रबोधनाचा इतिहास बहुतांशी व्याख्यानांच्या आधारे लिहिला गेला आहे. कोण कोठे काय बोलला, त्याला कोणी उत्तर दिले, ते कोणत्या पत्रात छापले गेले, यांची नोंद अभ्यासकांनी काळजीपूर्वक ठेवली. व्याख्यान संपल्यानंतर श्रोत्यांनी काय केले, याकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण झाले, आभार मानून झाले, दिवे मंद होऊ लागले. आता जमलेली मंडळी एकमेकांसमवेत काही खाणार-पिणार की आपापल्या घरची वाट धरणार? एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यास ज्या सभा, मंडळ्या आणि क्लब निघाले त्यांच्यापुढचा अवघड प्रश्न हाच होता. एका छताखाली बसून ऐकणे या समाजाने थोड्या कुरबुरीनंतर मान्य केले. एका भांड्यातले पाणी पिणे मान्य व्हायला फार काळ लागला आणि त्यासाठी माणसांना फार सोसावे लागले.

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी यांच्यासारखी पुढे नावाजलेली माणसे तिच्यात वावरली. तिच्या मराठी आणि गुजराती अशा दोन शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते आणि तिच्या वतीने १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. निबंध वाचायचा, त्यावर चर्चा करायची, चांगला वाटल्यास छापायचा, असा तिचा क्रम होता. हे निबंध विज्ञान, इतिहास, शिक्षण, आरोग्य अशा विषयांवर असत. धर्म व राजकारण हे विषय सभेच्या चर्चेतून वगळलेले होते. हा नियम वरवर पाहता भित्रेपणाचा वाटतो. परंतु पारशी, प्रभू, ब्राह्मण, सोनार, भाटिया अशा नाना जातींची तरुण मुले एका दिवाणखान्यात बसवायची तर प्रारंभी दुसरा मार्ग कोणता होता, हेही विचारले पाहिजे. निबंध ऐकण्यासाठी शेजारी बसलेल्याची जात आड येत नव्हती. ती आड येऊ नये म्हणून तिच्याविषयी बोलायचे नाही, असा हा समझोता होता.

तो ज्यांना अपुरा वाटला त्यांनी लगेच दुसऱ्या वर्षी, १८४९ मध्ये, परमहंस मंडळी काढली. दादोबा पांडुरंग तिचे वैचारिक प्रवर्तक, तर राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. दादोबांनी याआधी सुरतेस असताना दुर्गाराम मेहताजींसमवेत मानवधर्म सभेत भाग घेतला होता. म्हणजे या विचाराचे एक मूळ गुजरातेत आहे. परमहंस मंडळीतही प्रार्थना आणि भाषण होत असे. पण तिच्यात प्रवेश करू इच्छिणाऱ्याला केवळ तत्त्वे मान्य करून चालत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे ही त्याची परीक्षा होती. बाबा पदमनजी काही काळ या मंडळीच्या सहवासात होते आणि ‘अरुणोदय’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे. जातिभेद मानत नाही असे तोंडाने म्हणणाऱ्याला पावाचा एक तुकडा गिळताना काय वाटले असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. पाव ही आज मुंबईची न्याहारी आहे. तेव्हा ती धर्म सोडल्याची खूण होती.

ही मंडळी गुप्त होती आणि गुप्ततेनेच तिचा घात झाला. १८६० मध्ये तिचे दप्तर चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर पडणार अशी भीती पसरली आणि मंडळी विस्कटली. विचार पटले नाहीत म्हणून ती फुटली, असे दिसत नाही. नावाची यादी आणि पावाचा तुकडा या दोन गोष्टी एकत्र आल्या, एवढे कारण पुरेसे झाले. १८६७ मध्ये आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रार्थना समाज स्थापन केला तेव्हा परमहंस मंडळीतील जुनी माणसे त्यात होती. जातिबंधन तोडल्याची कृती ही सभासदत्वाची अट करायची नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या या सावधपणाची टिंगल पुढे अनेकांनी केली. दप्तर चोरीस गेल्यानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले होते त्यांनी ती सहन केली.

बंगालमध्ये हे नाट्य वीस वर्षे आधी आणि अधिक उघडपणे घडून गेले होते. हिंदू कॉलेजचा तरुण शिक्षक डेरोझिओ याच्या प्रेरणेने १८२८ मध्ये कलकत्त्यास ‘अकॅडेमिक असोसिएशन’ ही वादसभा सुरू झाली. तेथे ईश्वराचे अस्तित्व, दैव आणि पुरुषार्थ, मूर्तिपूजा अशा विषयांवर तरुण मुले सायंकाळी वाद घालीत. कलकत्त्याचा प्रतिष्ठित हिंदू समाज त्यामुळे अस्वस्थ झाला आणि १८३१ मध्ये डेरोझिओला कॉलेज सोडावे लागले. त्याच वर्षी कृष्णमोहन बंदोपाध्याय यांच्या घरी, ते स्वतः घरात नसताना, त्यांच्या मित्रांनी गोमांस खाऊन हाडे शेजारच्या घरात भिरकावली. त्याचे प्रायश्चित्त कृष्णमोहनांना घर सोडून भोगावे लागले. पुढच्याच वर्षी ते ख्रिस्ती झाले. मुंबईच्या तरुणांनी बंगालचे हे उदाहरण कितपत डोळ्यांसमोर ठेवले होते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. साम्य मात्र दुर्लक्षिता येत नाही. दोन्ही ठिकाणी वादसभेने माणसाचे विचार बदलले, आणि विचार बदलल्याची साक्ष मात्र जेवणाने मागितली.

‘क्लब’ या शब्दाची हकीकतही येथे सांगण्यासारखी आहे. कलकत्त्याचा बेंगॉल क्लब १८२७ चा आणि मुंबईचा भायखळा क्लब १८३३ चा. दोन्ही गोऱ्यांचे, आणि एतद्देशीयांना तेथे पाहुणा म्हणूनही स्थान नव्हते. मद्रासेस १८७३ मध्ये निघालेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबाचे नावच सांगते की त्याच्या संस्थापकांना या भिंतीला खिंडार पाडायचे होते. मराठीत मात्र या शब्दाने वेगळेच वळण घेतले. परगावाहून शिकायला आलेली मुले चार-चारजण मिळून आचारी ठेवीत आणि त्या सामाईक जेवणाच्या व्यवस्थेला ‘क्लब’ म्हणत. एकत्र जेवणे हा इंग्रजी क्लबाचा गाभा होता, तो मराठीने नेमका उचलला. पण हे जेवणाचे क्लब बहुधा जातवार असत, ही त्यातली गंमत.

पुण्याचे वातावरण मुंबईहून निराळे होते. येथे बंदर नव्हते, सरकारी नोकरी आणि विद्या यांवर जगणारा ब्राह्मणवर्ग मोठा होता आणि पेशवाईची आठवण ताजी होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास बदलून आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी स्थापन झाली होती. रानड्यांनी १८७२-७३ मध्ये देशी व्यापारावर दिलेली व्याख्याने लोकांनी उत्सुकतेने ऐकली. पुढे १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेला प्रारंभ झाला. कोर्टाला व शाळांना उन्हाळ्याची सुटी, परगावची विद्वान मंडळी पुण्यास आलेली, दिवसभराच्या उकाड्यानंतर पर्वतीच्या बाजूने येणारा वारा आणि हिराबागेतली मोकळी जागा, असा तो योग होता. हिराबाग ही पेशव्यांची तळ्याकाठची बाग. विलासासाठी बांधलेल्या त्या जागेला आता टाउन हॉलचे रूप आले. तेथवर चालत जाणे हाच एक फेरफटका होता. श्रोता व्याख्यानाला जात असे आणि त्याच पावलांनी हवा खाऊन येत असे. नव्या शिक्षिताच्या सायंकाळला या जागेने एक ठिकाण दिले. देवळातले कीर्तन आणि घरातली पुराणाची पोथी यांना समांतर अशी ही तिसरी बैठक होती. फरक इतकाच की येथे वक्त्याला प्रश्न विचारता येत असे.

या व्याख्यानांचा मराठी गद्यावर झालेला परिणाम वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पुरेसा तपासलेला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि १८८१ पर्यंत चालली. तिच्या भाषेचे श्रेय नेहमी संस्कृत व इंग्रजी वाचनाला दिले जाते. ते योग्यच आहे. तथापि प्रतिपक्षाला समोर उभा करून त्याला प्रश्न विचारणे, आक्षेपाची आधीच कल्पना करून त्याला उत्तर देणे, श्रोत्याला सोबत घेऊन पुढच्या मुद्द्याकडे जाणे, ही निबंधाची वळणे सभेत घडतात. आगरकर आणि टिळक यांच्या लेखनातही ती आहेत. हिराबागेत ऐकून घरी परतलेला वाचक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला लेख वाचीत असे तो वक्त्याचा आवाज कानात असताना. मराठी निबंध मोठ्याने वाचून पाहिला तर अधिक चांगला कळतो, याचे कारण येथे असावे.

१८७५ च्याच पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. त्यांची व्याख्याने काही आठवडे चालली आणि त्यांपैकी पंधरा व्याख्यानांचे सार पुढे छापले गेले. निरोपाच्या वेळी त्यांची मिरवणूक निघाली. रानडे तिच्यात चालत होते, जोतीराव फुलेही साहाय्याला होते. विरोधकांनी गाढवाला सजवून ‘गर्दभानंदा’ची मिरवणूक काढली, चिखलफेक झाली आणि चिखल रानड्यांच्या अंगावरही उडाला. व्याख्यानाचा विरोध व्याख्यानाने करावा हा संकेत अजून रुजायचा होता, एवढे या प्रसंगावरून दिसते. तरीही व्याख्यान ऐकले म्हणून कोणाला जातीबाहेर टाकले गेले नाही, याचीही नोंद घेतली पाहिजे. चिखल धुता येतो.

या सभांच्या शेवटी जो उपचार असे त्याकडे आता वळायला हरकत नाही. सभा संपली की अत्तरगुलाब आणि पानसुपारी. दरबारातून व लग्नसमारंभातून हा शिष्टाचार नव्या सभागृहात आला. इतिहासकार त्याला शोभेची गोष्ट समजून सोडून देतात. वस्तुतः त्यामागे मोठे चातुर्य आहे. विडा कोरडा असतो. त्याला चूल लागत नाही. शिजवलेल्या अन्नाला आणि पाण्याला जो स्पर्शदोष लागतो तो सुपारीच्या खांडाला किंवा अत्तराच्या फायाला लागत नाही. त्यामुळे देणारा कोण आणि घेणारा कोण, हे न विचारता सगळ्यांचे आतिथ्य करता येते. पानसुपारीने मंडळींचा मेळ घातला आणि प्रश्न टाळला. निबंधातून धर्म वगळण्याचा मुंबईचा नियम आणि सभेच्या शेवटी पुढे येणारे पानसुपारीचे तबक ही दोन्ही एकाच धोरणाची रूपे आहेत. अर्थात ज्यांची सावलीही अमंगळ मानली जात होती त्यांच्यापर्यंत हे तबकदेखील पोचत नव्हते. ते दारातूनच आत येत नसत.

हे सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते फुल्यांनी. रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यास मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. दुसरे १८८५ मध्ये भरले तेव्हा रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण धाडले. फुल्यांनी येण्याचे नाकारले आणि त्यांचे उत्तर ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मनात सर्व माणसांच्या हक्कांविषयी विचारच नाही आणि ज्यांच्या वागणुकीतून तो दिसत नाही, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसायचा नाही, असा त्या उत्तराचा रोख होता. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या परंपरेत या पत्राचा उल्लेख आता आदराने होतो. त्या वेळी ते कडवट वाटले असणार. पण फुल्यांचा आक्षेप तोंडदेखला नव्हता. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. रानड्यांच्या सभेत जे शेवटच्या तबकापाशी थांबत होते, ते फुल्यांच्या घरी दारातच सुरू झाले होते.

स्त्रियांच्या बाबतीत अडथळा आणखी अलीकडे होता. त्यांनी सायंकाळी घराबाहेर पडणे हेच मुळी नवीन होते. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या साप्ताहिक सभांना रमाबाई रानडे जात. त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या सभांचे आणि त्यांनंतर घरी जे ऐकावे लागे त्याचे वर्णन आहे. १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कुलाच्या प्रश्नावर भरलेल्या सभेत गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीतून लिहिलेले भाषण वाचले. सभेत टाळ्या झाल्या. घरी परतल्यावर वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांना जी बोलणी ऐकवली ती या पुस्तकाच्या अविस्मरणीय पानांपैकी आहेत. रानडे सभेत पत्नीला वाचायला सांगू शकत होते. स्वयंपाकघरात त्यांची सत्ता चालत नव्हती. रमाबाईंना एकाच संध्याकाळी या दोन राज्यांतून ये-जा करावी लागे. पुढे स्त्रियांच्या मंडळांनी हळदीकुंकवाला जोडून व्याख्यान ठेवण्याची युक्ती काढली आणि ती चांगली चालली. घरातल्यांची संमती कुंकवाला मिळे, आणि कुंकवाच्या पदराआडून भूगोल, आरोग्य, शिवणकाम असे विषय आत येत. मात्र हळदीकुंकवाने विधवेला बाहेर ठेवले, हा त्या युक्तीचा दोष राहिला.

आता ज्या सायंकाळने हा सगळा शिष्टाचार उधळून लावला तिच्याकडे यायला हवे. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाचे निमंत्रण गेले. रानडे गेले, टिळक गेले, इतरही पुष्कळ गेले. मिशनऱ्यांचे व्याख्यान ऐकणे हे पुण्याच्या सुशिक्षितांना नवे नव्हते. व्याख्यान झाल्यावर यजमानांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. पानसुपारीचे तबक येथे नव्हते. यजमान इंग्रज होते आणि त्यांच्या रीतीप्रमाणे सभेनंतर चहा होता. कोणी तो प्याले. कोणी सभ्यता म्हणून पेला हाती घेतला आणि बाजूला ठेवला. त्या अर्ध्या तासात प्रत्येकाने आपल्यापुरता जो निर्णय घेतला त्याचा हिशेब पुढे दोन वर्षे चालायचा होता, हे तेथे बसलेल्यांपैकी एकाखेरीज कोणाच्या ध्यानात आले नसावे.

तो एक म्हणजे गोपाळराव जोशी. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून आलेल्या आणि १८८७ मध्ये अकाली वारलेल्या आनंदीबाई जोशी यांचे हे पती. माणूस विक्षिप्त, बुद्धिमान आणि दुसऱ्याच्या ढोंगावर बोट ठेवण्यात आनंद मानणारा. सुधारक व सनातनी दोघांचीही फजिती करावी, असा त्यांचा हेतू असावा. चहापानाला हजर असलेल्या चाळीसहून अधिक व्यक्तींची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात झळकली. पुन्हा एकदा यादी आणि घास यांची गाठ पडली. १८६० मध्ये मुंबईत यादी छापली जाईल या भीतीने मंडळी मोडली होती. १८९० मध्ये पुण्यात ती खरोखरच छापली गेली.

सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांकडे नेले. ग्रामण्य उभे राहिले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, साक्षी-पुरावे झाले. कोणी चहा प्याला आणि कोणी पेल्याला केवळ हात लावला, प्याला असेल तर दोष किती, नुसता घेतला असेल तर किती, यांवर विद्वानांनी धर्मग्रंथ उघडून खल केला. आज हे हास्यास्पद वाटते. ज्यांच्या घरी श्राद्धाला, मुंजीला, लग्नाला भटजी मिळेनासा झाला त्यांना ते हास्यास्पद वाटत नव्हते. टिळकांनी चहा घेतल्याचे लपवले नाही. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचा दावा करून त्यांनी शास्त्राच्याच मैदानावर सनातन्यांशी लढत दिली. तरी त्यांच्या घरच्या धर्मकृत्यांना अडथळे आलेच. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्यांना स्वतःला त्याची गरज वाटत नव्हती. त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांच्या घरची माणसे बहिष्काराने गांजली होती आणि ती सुटावीत म्हणून त्यांनी मान तुकवली. सुधारकांपैकी अनेकांना हे आवडले नाही. रमाबाईंनी आपल्या आठवणींत या प्रसंगाला स्वतंत्र जागा दिली आहे.

रानड्यांच्या या कृतीविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा दुबळेपणा म्हणून ती सोडून देणे सोपे आहे. एकट्याने बाहेर पडणे रानड्यांना अशक्य नव्हते. त्यांना पगार होता, पद होते. मंडळ मात्र एकट्याचे नसते. मंडळाची पोच त्याच्या सर्वांत धीट सभासदापर्यंत नसून ज्याचा म्हातारा बाप अजून जिवंत आहे आणि ज्याची मुलगी लग्नाची आहे अशा सभासदापर्यंत असते. पंधरा वर्षे हिराबागेत एकत्र बसून ऐकणाऱ्यांचा एक समाज तयार झाला होता. एकमेकांच्या घरी कोण जेवणार, हे ठरवण्याचा अधिकार मात्र अजून त्या समाजाकडे आला नव्हता, तो जातीकडेच होता. पंचहौदच्या चहाने ही गोष्ट उघडी केली. गोपाळरावांच्या खोडसाळपणाचा हा उपकार मान्य करावा लागतो, त्यांच्याविषयी मत काहीही असो.

सायंकाळच्या सहलींकडे या प्रसंगानंतर थोड्या निराळ्या नजरेने पाहावे लागते. कार्तिकातले आवळीभोजन, आवळ्याच्या झाडाखाली मांडलेली चूल, मुलाबाळांसह गावाबाहेर गेलेला दिवस, ही जुनी रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. तिच्यात आनंद होता. पंक्ती मात्र मोकळ्या आकाशाखालीही जातवारच बसत. प्रार्थना समाजाने या रीतीला नवे रूप दिले. त्याच्या वार्षिक उत्सवात वनोपासना आणि प्रीतिभोजन यांना स्थान मिळाले. शहराबाहेर झाडीत जायचे, प्रार्थना करायची, भजन म्हणायचे आणि मग बरोबर नेलेले अन्न एकत्र खायचे. घरापासून दूर गेल्यामुळे घरच्या चुलीचा अधिकार संपतो, ही या सहलीतली सोय. वाड्यात जे शक्य नव्हते ते झाडाखाली जमू लागले. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकून आले होते. तेथील युनिटेरियन मंडळांच्या मेळाव्यांत उपदेशाबरोबर चहापान, गाणी आणि सहली यांना असलेले महत्त्व त्यांनी पाहिले होते. प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून काम करताना त्यांनी तरुणांना असेच एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. १९०६ मध्ये नारायणराव चंदावरकर यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि मिशनच्या शाळा-वसतिगृहांच्या आवारात बहीण जनाक्का आणि कुटुंबासह ते स्वतः राहिले. सहलीपुरते एकत्र जेवणे आणि रोज एकत्र राहणे यांतील अंतर शिंद्यांना कळले होते. समाजाच्या मंदिरातील पुष्कळांना ते कळले नाही, आणि १९१० मध्ये शिंद्यांचे समाजाशी असलेले प्रचारकपणाचे नाते संपले.

चंदावरकरांच्याच पुढाकाराने १९१२ मध्ये मुंबईत आर्यन ब्रदरहुडची परिषद भरली आणि तिला जोडून निरनिराळ्या जातींच्या मंडळींचे सहभोजन झाले. जातीजातींच्या पंचायतींनी पुन्हा बहिष्काराचे शस्त्र उपसले. पंचहौदनंतर बावीस वर्षे झाली होती; या वेळी भोजन चुकून घडले नव्हते, छापील कार्यक्रमाचा तो भाग होता. फरक म्हणावा तर एवढाच.

वसंत व्याख्यानमाला पुढे टिळक स्मारक मंदिरात भरू लागली आणि तिच्या नावाच्या व्याख्यानमाला महाराष्ट्रात गावोगाव निघाल्या. व्याख्यानानंतरचा चहा इतका सवयीचा झाला की कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेखही करावा लागेना. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत मात्र दलितांसाठी निराळी कपबशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टांगलेली राहिली. दलित आत्मकथनांच्या वाचकाला ती परिचयाची आहे.

१९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तिचा क्रम इतर कोणत्याही सभेसारखाच होता: अध्यक्षीय भाषण, ठराव, अनुमोदन, आभार. डॉ. आंबेडकरांचे भाषण ऐकायला हजारो माणसे कोकणातून पायी आली होती. या माणसांच्या पिण्यासाठी परिषदेच्या चालकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चवदार तळे सभेपासून दूर नव्हते, सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने ते १९२४ मध्ये कागदोपत्री सर्वांना खुले केले होते. समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी सुचवले की आता सर्वांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यावे. सभा उठली आणि रांगेने तळ्याकडे चालत गेली. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग इतरांनी. त्यानंतर परत येऊन मंडपात जेवायला बसलेल्या लोकांवर गावातल्या जमावाने हल्ला केला आणि वाढलेले अन्न मातीत गेले. १८९२ मध्ये चहा पिणाऱ्या माणसांना प्रायश्चित्त द्यावे लागले होते. महाडमध्ये सनातन्यांनी तळ्यालाच प्रायश्चित्त दिले: दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांच्या एकशे आठ घागरी पाण्यात ओतून.